‘काय काम होतं?’ आणि इंग्रजीचा भूतकाळ

‘आय हॅव कम्प्लिटेड माय डिग्री इन 2019.’ महाराष्ट्रातल्या नोकरीच्या अर्जांत हे वाक्य इतक्या वेळा भेटतं, की ते कोऱ्या कागदावर आधीच छापून येत असावं अशी शंका यावी. साताऱ्यातल्या एका निवृत्त इंग्रजीच्या सरांकडे शेजारचा मुलगा बायोडेटा तपासायला ठेवून गेला, त्यातही ते होतंच. सरांनी लाल पेनानं ‘हॅव’वर काट मारली. तेवढ्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती पुण्यात परदेशी नियतकालिकांकडे जाणारे शोधनिबंध भाषेच्या अंगानं तपासते, म्हणजे पोटापाण्यासाठी दिवसभर असल्याच काटा मारते. तिनं तो कागद पाहिला आणि म्हणाली, ‘‘काट बरोबर आहे सर. पण मुलानं ‘का’ विचारलं तर काय सांगाल?’’

‘‘सांगायचं काय त्यात? वर्ष दिलंय ना पुढे. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट इयर’, ‘ॲगो’, ‘इन 2019’ दिसलं की साधा भूतकाळ. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’, ‘सिन्स’ दिसलं की ‘हॅव’. तुलाही हेच शिकवलं होतं आणि तुझं काही अडलेलं दिसत नाही.’’

‘‘अडलं ना सर. असला एकही शब्द नसलेली वाक्यं समोर आली तेव्हा अडलं.’’

तिचा मुद्दा खोटा नाही. ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत आणि दोन्हीत खुणेचा शब्द नाही. दुसरं वाक्य ऐकणारा समजतो की किल्ली अजून सापडलेली नाही, माणूस दाराबाहेर ताटकळतोय. पहिल्यावरून तसं काही कळत नाही. किल्ली हरवली होती, मग कदाचित मिळाली, कदाचित कुलूप बदललं. परीक्षेतल्या रिकाम्या जागेशेजारी ‘यस्टर्डे’ हात जोडून उभा असतो. बाहेरच्या इंग्रजीत तो बऱ्याचदा गैरहजर असतो.

तरी सरांचा पक्ष आळसातून आलेला नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं 2000 साली. एका वर्गात साठ मुलं आणि घरी इंग्रजीचा वाराही नाही. अशा मुलाला धरायला काहीतरी द्यायचं, तर खुणेचा शब्द हीच त्यातल्या त्यात पक्की खुंटी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं कित्येक पिढ्यांना अशीच वाक्यावाक्यानं वाट काढून दिली. पुढे रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड व्याकरणानं काळांचे कप्पे घराघरांत नेले. यातले रेन म्हणजे पी. सी. रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात ते नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची गाजलेली साहसकथा त्यांचीच. वाळवंटातल्या गोळीबाराच्या गोष्टी रचणाऱ्या माणसानं आपल्या आज्यापणज्यांकडून ‘परफेक्ट कंटिन्युअस’ घोटून घ्यावा, याची गंमत सरांना अजून वाटते.

‘‘पण सर, काळांचे बारा कप्पे हेच मुळात सगळ्यांना मान्य नाही,’’ ती म्हणाली. हडलस्टन आणि पुलम यांनी 2002 साली केंब्रिजतर्फे इंग्रजीचं मोठं व्याकरण काढलं. त्यात भविष्यकाळ हा वेगळा काळ धरलेलाच नाही. क्रियापदाचं रूप बदलून इंग्रजी काळ दाखवते तो वर्तमान किंवा भूत. ‘विल’ हा ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या पंगतीतला.

सर चिडले. ‘‘मग ‘इट विल रेन टुमॉरो’ काय आहे?’’

‘‘अंदाज आहे. दाराची बेल वाजली की इंग्रज म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन’. पोस्टमन तर आत्ताच दारात उभा आहे. यात भविष्य कुठलं?’’

सर क्षणभर थांबले आणि त्यांनीच तिच्या बाजूचा पुरावा पुढे केला. ‘‘आपणही म्हणतोच की, ‘बघ रे, पोस्टमन असेल.’ ‘असेल’ हे भविष्यकाळाचं रूप, आणि माणूस दारात.’’

इथून पुढे गप्पांना वेगळं वळण लागलं. ती रायशेनबाखवर आली. हान्स रायशेनबाख हा जर्मन तत्त्वज्ञ. नाझी राजवटीत देश सोडून तो शेवटी अमेरिकेत स्थिरावला आणि 1947 साली तर्कशास्त्रावरच्या एका पुस्तकात त्यानं थोड्या पानांत क्रियापदांच्या काळाचा हिशेब मांडला. त्याचं म्हणणं असं, की घटना घडली तो क्षण आणि आपण बोलतो तो क्षण, या दोनांवर भागत नाही. तिसराही एक क्षण असतो: आपण जिथे उभं राहून घटनेकडे बघतो तो. तिनं पाठकोऱ्या कागदावर तीन ठिपके काढले. साध्या भूतकाळात बघणारा घटनेपाशीच जाऊन उभा राहतो, मागे, 2019 मध्ये. ‘हॅव’ असलेल्या पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे असते, पण बघणारा आत्ताच्या क्षणाला खिळलेला असतो. ‘हॅड’मध्ये तो अधेमधे कुठेतरी उभा राहून आणखी मागे बघतो. म्हणून ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’. बघणारा स्टँडवर आहे, बस त्याच्याही आधी गेली आहे.

‘‘म्हणजे ‘हॅव’ सांगतो मी आज उभा आहे, आणि ‘इन 2019’ म्हणतं चल तिकडे. ही ओढाताण इंग्रजीला चालत नाही. मुलाला हे सांगावं.’’

‘‘छान आहे,’’ सर म्हणाले. ‘‘पण मग जर्मनला कशी चालते? आमच्या कॉलेजात एक वर्ष जर्मन होतं. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ अशाच धाटणीनं ते सर्रास बोलतात. मराठीतही ‘मी 2019 साली पदवी पूर्ण केली आहे’ यात कुणाला काही खटकत नाही. ओढाताण फक्त इंग्रजांच्याच पोटात दुखते का?’’

सरांनी इथे गुण मिळवला, हे मान्य करावं लागेल. भाषाशास्त्रज्ञांनाही हा प्रश्न सहज सुटलेला नाही. 1992 साली वोल्फगांग क्लाइन यांनी ‘लँग्वेज’ या नियतकालिकात यावर लेख लिहिला आणि शीर्षकातच त्याला कोडं म्हटलं. घटना 2019 ची, बघणं आजचं, तर वर्ष घटनेला चिकटवायला हरकत काय? तर्कानं हरकत नसावी. इंग्रजीला आहे. ‘‘म्हणजे शेवटी पाठच करायचं!’’ असं म्हणून सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं.

ती मात्र हटली नाही. तिनं लता मंगेशकरांचं उदाहरण काढलं, आणि या सगळ्या वादातलं सगळ्यात बोलकं उदाहरण तेच आहे. लताबाई 1974 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. त्या हयात असताना कुणी इंग्रजीत त्यांची ओळख करून देताना ‘लता मंगेशकर हॅज संग ॲट द रॉयल अल्बर्ट हॉल’ म्हटलं असतं, तर ते अगदी सरळ होतं. 6 फेब्रुवारी 2022 ला त्या गेल्या. त्या दिवसापासून तेच वाक्य इंग्रजी कानाला अडखळतं. तिथे ‘संग’ एवढंच हवं, ‘हॅज’ नको. घटना तीच आणि हॉलही तोच. बदललं ते एवढंच, की जिच्याबद्दल बोलायचं ती व्यक्ती आता ‘आत्ता’त नाही. बातमीच्या टेबलावर मृत्युलेख लिहिताना संपादकाला असे ‘हॅज’ एकेक करून उपटावे लागतात.

‘‘आता विषय हॉलचा करा,’’ ती म्हणाली. ‘‘जगातल्या थोर गायकांनी या हॉलमध्ये गायलंय, लतादीदींनीसुद्धा. ‘मेनी ग्रेट सिंगर्स हॅव संग हिअर, लता मंगेशकर अमंग देम.’ आता ‘हॅव’ चालतो! हॉल अजून उभा आहे, तिथे अजून मैफली होतात. यात कुठला खुणेचा शब्द आहे सर? तक्त्यातल्या कुठल्या कप्प्यात हे बसवायचं?’’

सरांनी हे वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं. बसत नव्हतं.

या दोघांच्या वादात एक गोष्ट मात्र दोघंही मोघमपणे धरून चालले होते: मराठी मुलाला इंग्रजी काळ जमत नाहीत, कारण इंग्रजी अवघड. खरं तर बऱ्याच चुका घडतात त्या मुलगा मराठीशी इमान राखतो म्हणून. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ हे वाक्य चुकीचं का? तर इंग्रजीला अशा ‘व्हेन’च्या पोटात ‘विल’ नको असतो. पण मराठीत ‘तो येईल तेव्हा सांगेन’ असं दोन्हीकडे भविष्यच आहे. मुलानं विचार करूनच लिहिलंय. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ यातही ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतोय’ हे जसंच्या तसं उतरलंय. ‘ही सेड दॅट ही इज इल’ लिहिणाऱ्यानं ‘तो म्हणाला की तो आजारी आहे’ हे मराठी वाक्य मोडलेलं नाही. मराठी सांगितलेल्या गोष्टीचा काळ मागे ढकलत नाही, इंग्रजी बहुधा ढकलते.

आणि ‘हॅड’. भारतीय इंग्रजीत ‘हॅड’चा सुकाळ असतो ही तक्रार जुनी आहे. ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू पुणे.’ सरांनी या वाक्यावर आयुष्यभर शाई खर्च केली. त्यामागचं ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे वाक्य मात्र मराठीत फार नेमकं आहे. ‘बाबा पुण्याला गेले’ म्हटलं तर ते अजून तिकडेच असू शकतात, जेवायला थांबायचं कारण नाही. ‘बाबा पुण्याला गेले होते’ म्हणजे जाऊन परत आले. ‘होता’ या एका शब्दात मराठी परतीचं तिकीट दाखवते. इंग्रजीत हे काम वेगळ्याच जोडीकडे आहे: ‘हॅज गॉन’ म्हणजे गेलाय, तिकडेच आहे, ‘हॅज बीन’ म्हणजे जाऊन आलाय. तेव्हा ‘हॅड गॉन’ लिहिणाऱ्या मुलाला काळ कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला तो बारीक फरक कळतो, आणि तो दाखवायला त्यानं चुकीचं रूप उचललं.

‘‘हे तुम्ही वर्गात सांगितलं असतं तर?’’ तिनं विचारलं.

‘‘वर्गात मराठी बोललो की इन्स्पेक्टर शेरा मारायचे,’’ सर म्हणाले.

चालू काळाचा विषय निघाला तेव्हा सरांनी निस्सीम इझिकेल यांचं नाव घेतलं. मुंबईचे कवी, बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यांच्या समाजाची घरची भाषा. मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोप समारंभावरची त्यांची कविता अशाच ‘आय ॲम नोइंग’ थाटाच्या इंग्रजीत रचलेली आहे. सरांना ती वाचून अजून हसू येतं. तिला हसू येतं, पण अर्धवटच. तिच्या मते त्या हसण्यात इंग्रजी शाळेत गेलेल्यांचा थोडा तोराही आहे. ‘मला समजतंय’, ‘मला दिसतंय’ हे मराठीत रोजचं, त्यातून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ निघतं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ला मात्र मराठीचा आधार नाही, ‘मला दोन भाऊ असतायत’ असं कुणी म्हणत नाही. तिचा तर्क असा, की ‘आहे’ दिसला की ‘ॲम’ आणि मागे ‘इंग’ ही सवय शाळेतच लागते. ‘मी जेवतो आहे’ आणि ‘मला भाऊ आहेत’ यांतला ‘आहे’ एक नाही, हे कुणी दाखवत नाही. शिवाय मॅकडोनाल्डनं 2003 साली ‘आय ॲम लव्हिन इट’ जगभर लावल्यापासून, ‘लव्ह’ला ‘इंग’ लागत नाही असं ठणकावून सांगणाऱ्या शिक्षकाची जरा पंचाईतच झाली आहे.

मग ती म्हणाली, ‘‘आणि भूतकाळ काळासाठी नसतोच, तेव्हा? ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी.’ ‘वॉज’ कशाला? मदत तर आत्ता हवी आहे.’’

सरांच्या चेहऱ्यावर शिकवण्यातला जुना उत्साह आला. ‘‘दारात अनोळखी माणूस आला की आपण काय विचारतो? ‘काय काम होतं?’ काम तर अजून व्हायचंय. आणि तो म्हणतो, ‘जरा बोलायचं होतं.’ शेजारीण वाटी घेऊन येते, ‘साखर हवी होती.’ हवी होती म्हणजे आता नकोय का? नाही. ‘साखर हवी आहे’ हे मागणं अंगावर येतं, ‘होती’नं ते एक पाऊल मागे सरकतं.’’ मग ते स्वतःच पुढे गेले. ‘‘‘पाऊस पडला तर जाऊ नकोस’, यात पाऊस उद्याचा. ‘आलोच!’ असं ओरडणारा अजून बनियनवर असतो. ‘पडलास बघ आता!’ म्हणतो तेव्हा पोरगं अजून फांदीवरच आहे.’’

एवढं बोलून सर गप्प झाले, कारण आपण विरुद्ध पक्षाची वकिली केली हे त्यांच्या लक्षात आलं. भूतकाळाचं रूप नेहमी गेलेला काळच दाखवतं असं नाही, कधी ते अदबीचं अंतर दाखवतं, कधी कल्पनेचं, हे इंग्रजीला जितकं लागू तितकंच मराठीला. ‘इफ आय वेअर यू’मधला ‘वेअर’ कधीकाळी मी तू होतो असं सांगत नाही. साठ मुलांच्या वर्गात हे अशक्य नव्हतं, कारण यातली अर्धी सामग्री मुलं घरून घेऊनच आली होती.

पण सरांचा खरा आग्रह वेगळाच होता आणि तो त्यांनी आता मांडला. ‘‘तू म्हणतेस बोलणारा कुठे उभा आहे ते बघा. ठीक. पण कायद्यात, करारात, कोर्टात? तिथे प्रत्येकजण सोयीनं उभा राहील.’’

तिच्याकडे याला उत्तर होतं आणि ते दोन्ही बाजूंना लागत होतं. अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांतल्या दोषींनी आपली नोंदणी करण्याचा एक कायदा 2006 साली झाला. जो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रवास करतो आणि नोंदणी करत नाही, त्याला शिक्षा. मूळ शब्द ‘ट्रॅव्हल्स’, साधा वर्तमानकाळ. थॉमस कार नावाचा माणूस अलाबामातून इंडियानात राहायला गेला तो कायदा होण्याच्या आधीच. त्याला हा कायदा लागतो का? 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, लागत नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या निकालपत्राचा एक मोठा आधार क्रियापदाचा काळ होता: आधीचा प्रवास धरायचा असता तर कायदेमंडळाला पूर्ण वर्तमानकाळ वापरता आला असता, म्हणजे आपला तोच ‘हॅज’. अमेरिकेत कायद्यांचे शब्द कसे वाचावेत हे सांगणाऱ्या कायद्यातही वर्तमानकाळात भविष्य धरावं असं म्हटलंय, भूतकाळाचं नावही नाही.

‘‘बघ!’’ सर म्हणाले. ‘‘एका काळावर माणूस सुटला. नियमाला किंमत आहे.’’

‘‘आणि उरलेले तीन न्यायाधीश?’’ विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती ॲलिटो म्हणत होते की हल्ली कायदे लिहिताना वर्तमानकाळ वापरायची रीत आहे, आणि तो मोजायचा कायदा लागू करण्याच्या क्षणापासून, संमत झाल्याच्या क्षणापासून नव्हे. म्हणजे ते वेगळ्या जागी उभे होते. व्याकरण दोघांचं पक्कं, पुस्तकं बहुधा तीच.

तिच्या रोजच्या कामातला पेच याच जातीचा आहे. शोधनिबंधात प्रयोग कसा केला ते भूतकाळात लिहितात: नमुने गोळा केले, तापवले, मोजले. निष्कर्ष मात्र लेखक वर्तमानात नेतो. समजा, एखाद्या औषधाची चाचणी झाली. ‘द ड्रग रिड्यूस्ड ब्लड प्रेशर’ म्हटलं तर तो त्या चाचणीतल्या रुग्णांपुरता हिशेब. त्यांचा रक्तदाब उतरला. ‘द ड्रग रिड्यूसेस ब्लड प्रेशर’ म्हटलं की तो सगळ्या जगाला केलेला दावा. मराठी संशोधकाच्या मसुद्यात ही दोन रूपं कधीकधी एकाच परिच्छेदात शेजारी नांदतात. व्याकरणाच्या नजरेनं दोन्ही निर्दोष, संगणकातला तपासनीसही त्याखाली रेघ ओढत नाही. तिला मात्र ते स्वतःहून बदलता येत नाही, कारण शेवटचं एक अक्षर बदललं की लेखकाच्या तोंडी नवा दावा घातल्यासारखं होतं. ती समासात प्रश्न टाकते: हे तुमच्या रुग्णांबद्दल आहे की सगळ्यांबद्दल? उत्तर यायला कधीकधी आठवडा लागतो. काहीजण चिडून कळवतात, इंग्रजी तपासा, शास्त्र नको.

‘‘आणि तू काय करतेस?’’

‘‘त्यांनी ‘रिड्यूसेस’ ठेवायला सांगितलं तर ठेवते. पण एक ‘मे’ सुचवून बघते.’’

सर हसले. रविवारी त्यांच्याकडे दहावीची काही मुलं येतात, त्यांच्यासाठी त्यांनी एक सराव काढून ठेवला होता. तिनं तो चाळला. रिकाम्या जागा, शेजारी कंसात क्रियापद, आणि प्रत्येक वाक्यात इमानदारीनं एक ‘यस्टर्डे’ किंवा ‘सिन्स’. तिनं पेन मागितलं आणि पाच वाक्यांतून खुणेचे शब्द खोडले. त्याऐवजी वर मराठीत एकेक प्रसंग लिहिला: किल्ली अजून सापडलेली नाही, किल्ली परत मिळाली, बाबा अजून पुण्यालाच आहेत, बाबा जाऊन आले, वगैरे.

सरांनी ते वाचलं. ‘‘एकाला दोन उत्तरं येतील.’’

‘‘येऊ द्या.’’

‘‘येऊ दे म्हणायला तुझं काय जातं? बोर्डाच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’ला गुण एकच असतो, आणि तपासणाऱ्याच्या हातात उत्तरही एकच.’’ असं म्हणत त्यांनी पाचांपैकी दोन वाक्यांत ‘यस्टर्डे’ परत लिहिला आणि उरलेली तीन तशीच ठेवली.